वाट तुटलेली शहरं

जैसलमेर, फलोदी, बिकानेर, बाडमेर, भुज, लखपत. आपल्या पश्चिम सरहद्दीच्या मुलखातली ही गावं. यांच्यात दोन राज्यं येतात, मारवाडी आणि कच्छी अशा दोन निराळ्या बोली येतात, मधे शेकडो किलोमीटरची वाळू आणि खारी जमीन पसरलेली आहे. तरीही जैसलमेर पाहिलेला माणूस भुजच्या जुन्या गल्लीत शिरला की त्याला ओळखीचं काहीतरी भेटतं. उन्हाकडे पाठ करून उभी असलेली घरं, तळ्याच्या आधाराने वसलेलं गाव, दिवस कलल्यावर ओट्यांवर येऊन बसणारी माणसं, एकेकाळच्या मोठ्या पैशाच्या खुणा आणि रस्त्यावर लष्कराच्या गाड्या. पाहुण्याला हे साम्य लगेच जाणवतं आणि तो ते वाळवंटाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो.

माझ्या मते त्याचं खरं कारण व्यापाराच्या वाटेत आहे. आज आपण या गावांना टोकाची गावं म्हणतो. ती वसली, वाढली तेव्हा ती टोकाला नव्हती, अगदी मधोमध होती. सिंध, मुलतान आणि त्यापलीकडच्या मुलखातून दिल्लीकडे आणि गुजरातच्या बंदरांकडे जाणारे उंटांचे तांडे यांच्या वेशीवर उतरत. पुढे ती वाट तुटली. मधलं गाव टोकाचं झालं की त्याचं काय होतं, हे पाहायला या पट्ट्याइतकी चांगली जागा आपल्या देशात दुसरी नाही.

रावळ जैसल या भाटी राजाने ११५६ च्या सुमारास त्रिकूट टेकडीवर जैसलमेर वसवलं. त्याआधीची राजधानी लोद्रवा, तिथून पंधराएक किलोमीटरवर. शेती नावापुरती. वर्षाचा पाऊस सरासरी पंधरा-वीस सेंटिमीटर, तोही दरसाल येईलच असं नाही. अशा ठिकाणी राज्य चालायचं ते जकातीवर. तांड्याला वाळवंटात पाणी लागतं, चारा लागतो, माल उतरवायला कोठार लागतं, हुंडी वटवणारी पेढी लागते आणि लुटारूंपासून राखण लागते. हे सगळं एका जागी देणारं गाव म्हणजे जैसलमेर. त्या बदल्यात राजा जकात घेई आणि सावकार व्याज.

या सावकारांत पटव्यांचं घराणं सगळ्यांत गाजलं. जरीचा व्यापार, पेढी आणि अफू यांवर गुमानचंद पटवा आणि त्यांच्या पाच मुलांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकाला एक लागून पाच हवेल्या उभ्या केल्या. यातल्या अफूचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. माळव्यात पिकणारी अफू ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुठीत हवी होती. मुंबईमार्गे जाणाऱ्या मालावर कंपनीचा कर होता. तो चुकवण्यासाठी बराच माल पाली आणि जैसलमेर करत कराचीला जाई, तिथून गलबतांनी पोर्तुगीजांच्या दमणला आणि पुढे चीनला. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेला, ही वाट बंद झाली आणि माल मुंबईकडे वळला. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या श्रीमंतीत अफूचा पैसा मोठा होता, हे आपण वाचलेलं असतं. त्यातला एक वाटा जैसलमेरच्या वेशीवरून उठून आलेला आहे, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

मग आगगाडी आली, आगबोटी आल्या. माल उंटाच्या पाठीवरून उतरून रुळांवर आणि समुद्रावर गेला. व्यापारी घराणी मुंबई, कलकत्ता, माळव्याकडे पांगली. उरलीसुरली वाट १९४७ च्या फाळणीने कापली. जैसलमेरपर्यंत रूळ पोचले ते १९६५ च्या युद्धानंतर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, आणि तेही मुख्यतः लष्कराची गरज म्हणून. तोवर जवळजवळ शंभर वर्षं हे गाव पैशावाचून पडून होतं. म्हणूनच ते टिकलं. जुने वाडे पाडून नवे बांधायला कोणाच्या हातात काही नव्हतं. पुण्या-मुंबईत जे भरभराटीने पुसलं, ते इथे पडत्या काळाने राखलं.

पटव्यांच्या हवेलीसमोर सगळे मान वर करून झरोके मोजतात. तिथे थोडं जवळ जाऊन भिंतीला हात लावून पाहावं. दगडांच्या सांध्यात चुना दिसत नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ, कुठे लोखंडी आकडा, आणि एवढ्यावर कित्येक मजले उभे. पिवळा दगड गावालगतच्या खाणीतला, लाकूड आणि पाणी दोन्ही दुर्मिळ, म्हणून बांधणीच अशी ठरली की ओलं काम कमीत कमी लागावं. झरोके भिंतीबाहेर आलेले असतात आणि गल्ली इतकी अरुंद असते की समोरासमोरचे झरोके मिळून रस्त्यावर सावली धरतात. भिंतीवरचं खोल कोरीवकाम शोभेचं आहेच, पण कोरलेल्या दगडाचा निम्मा भाग सदैव आपल्याच सावलीत राहतो, त्यामुळे भिंत सपाट दगडाइतकी तापत नाही. जाळीच्या बारीक भोकांतून वारा आत येतो, ऊन येत नाही. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना या हवेलीच्या आतल्या चौकात उभं राहिलं की हे सगळं कोणी समजावून सांगावं लागत नाही.

पण या मुलखाचं सगळ्यांत मोठं शहाणपण पाण्यात आहे, आणि पाहुण्यांच्या नजरेतून नेमकं तेच सुटतं. इथे पाण्याच्या तीन जाती मानतात. पावसाचं थेट साठवलेलं ते पालरपाणी. खोल विहिरीतलं ते पाताळपाणी, जे बहुतेक ठिकाणी खारट निघतं. आणि या दोहोंच्या मधलं रेजाणीपाणी. जैसलमेर, बाडमेरच्या काही भागांत वाळूखाली खडिया दगडाचा थर पसरलेला आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि या थरावर अडतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ते तळ्यासारखं साचत नाही, वाळूच्या कणाकणात ओल बनून राहतं. ती ओल गोळा करायला लोकांनी कुंई शोधून काढली. ही विहिरीची धाकटी बहीण. तोंड इतकं लहान की खणणारा आत जेमतेम उकिडवा बसू शकतो. खाली जीव गुदमरू नये म्हणून वरून माणसं मुठीमुठीने वाळू जोरात फेकतात. त्या वाळूबरोबर ताजी हवा खाली ढकलली जाते आणि गरम हवा वर येते. वाळू डोक्यावर पडते म्हणून खणणारा धातूचं टोप घालतो. इतकं करून दिवसाला दोन-तीन घडे गोडं पाणी झिरपतं. कुंईवर लाकडी झाकण असतं, त्याला कुलूप लावण्याचीही रीत आहे. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात हे सगळं फार आत्मीयतेने नोंदवलं आहे. थरच्या वाळवंटात निघणाऱ्याने एकच पुस्तक वाचायचं ठरवलं तर हे वाचावं.

खडीनही असंच. वर खडकाळ उतार, खाली मातीचा लांब बांध. उतारावरचं पाणी बांधाआड येऊन साचतं, जमिनीत मुरतं, आणि थंडीच्या तोंडावर त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात. वरून आणखी एक थेंबही न देता पीक हाती येतं. ही खडीनं बांधण्यात पालीवाल ब्राह्मण वाकबगार होते. कुलधरासारखी त्यांची गावं एकोणिसाव्या शतकात ओस पडली. आज तिथे भुताखेतांच्या आणि शापाच्या गोष्टी सांगून तिकिटं खपवली जातात. दिवाण सालिमसिंहाच्या जुलमाची कहाणी प्रसिद्ध आहे, वाढते कर आणि घटतं पाणी हीही कारणं अभ्यासक सांगतात. मला या भुतांच्या बाजाराचा खेद वाटतो. एवढ्या कोरड्या जमिनीत गहू पिकवणारी माणसं कोण होती, हे सांगायचं सोडून आपण त्यांच्या पडक्या घरांत रात्री काय दिसतं याची चर्चा करतो.

भुजमध्ये हाच पाण्याचा जिव्हाळा वेगळ्या रूपात भेटतो. राव खेंगारजींनी १५४९ मध्ये भुजला कच्छची राजधानी केलं. गावाच्या मधोमध हमीरसर तलाव आहे. आसपासच्या टेकड्यांवरचं पाणी कालव्यांतून आणि भुयारांतून आणून यात सोडलेलं आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला की गावात सुट्टी जाहीर होते, वाजतगाजत जाऊन पाण्याची पूजा होते आणि मेघलाडू वाटले जातात. मुंबईत मुलुंड, घाटकोपर, मस्जिद बंदर इथल्या कच्छी घरांतून त्या दिवशी भुजला फोन जातात. पिढ्यान् पिढ्या मुंबईत राहिलेल्या माणसालाही आपल्या गावचं तळं भरल्याचा आनंद होतो, यावरून दुष्काळाची आठवण किती खोल गेलेली असते ते कळतं.

भुजचा आईना महाल आवर्जून पाहावा. अठराव्या शतकाच्या मध्यात राव लखपतजींसाठी तो रामसिंह मालम या कारागिराने बांधला. हा मूळचा दर्यावर्दी. युरोपात, विशेषतः हॉलंडमध्ये, बरीच वर्षं राहून काचकाम, मीनाकाम, घड्याळं आणि चिनी मातीच्या फरशा करायला शिकून तो परतला. महालातल्या एका दालनात मधोमध चौथरा आहे, त्याच्या चारी बाजूंनी पाण्याचा पाट आणि कारंजी. उन्हाळ्यात राव तिथे बसून कविता ऐकत आणि रचत. लखपतजींनी व्रजभाषेतली काव्यरचना शिकवणारी पाठशाळाही भुजमध्ये काढली होती आणि ती स्वातंत्र्यापर्यंत चालू होती. डच फरशा, व्रजभाषेतली कविता आणि कच्छी कारागिरी एका छताखाली आलेली पाहिली की या गावाला कोपऱ्यातलं गाव म्हणायचं धाडस होत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने या महालाचंही मोठं नुकसान केलं, जुनं भुज तर निम्मंअधिक जमीनदोस्त झालं. भुजिया डुंगरावर २०२२ मध्ये खुलं झालेलं स्मृतिवन त्या भूकंपाची कहाणी नीट सांगतं.

भूकंपाने कच्छचं नशीब पूर्वीही फिरवलं होतं, आणि त्याचा पुरावा भुजपासून साधारण १३५ किलोमीटरवर लखपतला आहे. एकेकाळी सिंधूचा एक फाटा इथे समुद्राला मिळत असे. सिंधचा माल होड्यांतून लखपतला येई आणि पुढे गुजरातभर जाई. आसपास भातशेती होती, हे आज सांगून खरं वाटत नाही. १८०१ मध्ये जमादार फतेह महंमदाने गावाभोवती सुमारे सात किलोमीटरचा तट बांधला. मग १६ जून १८१९ ला मोठा भूकंप झाला. उत्तरेला रणात कित्येक कोसांची जमीन बांधासारखी वर उचलली गेली. लोकांनी तिला अल्लाबंध म्हटलं, म्हणजे देवाने घातलेला बांध. शेजारचा सिंदरीचा किल्ला पाण्यात बुडाला. सिंधूचं पाणी त्याआधीही सिंधच्या कल्होडा राज्यकर्त्यांनी बांध घालून अडवायला सुरुवात केली होती, भूकंपानंतर ते कायमचंच दुरावलं. चार्ल्स लायल या भूशास्त्रज्ञाने आपल्या विख्यात ग्रंथात जमीन कशी वर येते आणि खचते हे सांगताना याच घटनेचा दाखला दिला. आज तट जवळपास अखंड आहे, आत मोजकी घरं, एक जुना गुरुद्वारा, काही कबरी, आणि तटावरून समोर कोरी खाडीचा चिखल. जैसलमेरची वाट राजकारणाने आणि रेल्वेने तोडली, लखपतची जमिनीनेच.

बिकानेर आता लहान राहिलेलं नाही, तरी जुन्या शहराचा बाज याच कुळातला. राव बिकाने ते १४८८ मध्ये वसवलं. इथे दिवसा किल्ला पाहावा, पण रात्री जुन्या शहरातल्या चौकांत जायला विसरू नये. तिथे उघड्यावर भलेमोठे लाकडी पाटे मांडलेले असतात. वीस-पंचवीस माणसं सहज मांडी घालून बसतील एवढे. त्यांचे जाडजूड पाय वर्षानुवर्षं त्याच जागी रोवलेले, फळ्या बसून बसून गुळगुळीत झालेल्या. जेवणं आटोपली की माणसं येऊ लागतात. कोणी पत्ते मांडतो, कोणी बुद्धिबळ. एका कोपऱ्यात सोयरीक जुळत असते, दुसरीकडे निवडणुकीचा निकाल लागून चुकलेला असतो. वाळवंटात दिवस उन्हाने खाल्लेला असतो, म्हणून गावाचं बोलणं रात्रीवर येऊन पडतं. या पाट्यांवर बायका बसत नाहीत, ही त्यातली मोठी उणीव आहे आणि ती सांगायला हवी. पण अनोळखी माणसाला सरकून जागा देण्याची रीत इथे अजून आहे. मटकीच्या पिठाची भुजियाही याच गावची. कोरडी हवा, कमी पाणी आणि टिकाऊ खाणं हे गणित केर-सांगरीच्या भाजीपासून पापड-भुजियापर्यंत सगळीकडे दिसतं.

फलोदी या वाटेवरचा मुक्काम. १९ मे २०१६ ला इथे ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, त्यामुळे वर्तमानपत्रांत नाव येतं ते उन्हासाठी. मला मात्र ते शेजारच्या खीचनमुळे महत्त्वाचं वाटतं. मंगोलिया आणि मध्य आशियातून येणाऱ्या करकोच्यांना, म्हणजे तिथल्या भाषेत कुरजांना, गावकरी हिवाळाभर रोज दाणे घालतात. पहाटे हजारो पक्षी गावालगत उतरतात. २०२५ मध्ये खीचनला रामसर यादीत स्थान मिळालं. माणसांचे तांडे थांबले, पक्ष्यांचे अजून त्याच दिशेने येतात.

आता सरहद्दीचं. १९७१ च्या डिसेंबरात जैसलमेर जिल्ह्यातल्या लोंगेवालाला मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने रात्रभर रणगाडे रोखून धरले आणि सकाळी जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी निकाल लावला. त्याच युद्धात भुजची धावपट्टी बाँबने उखडली, तेव्हा माधापर गावच्या सुमारे तीनशे बायकांनी ती तीन दिवसांत दुरुस्त करून दिली. त्या तळाचे प्रमुख होते विजय कर्णिक, आपले मराठी अधिकारी. पोखरणचं नाव तर १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे जगभर गेलं. त्याआधी ते जोधपूर-जैसलमेर वाटेवरचं मुक्कामाचं गाव होतं.

युद्धांच्या या कथा तिथे जागोजागी ऐकवल्या जातात. दुसरी बाजू शोधावी लागते. सोढा राजपुतांची मुख्य वस्ती पलीकडे उमरकोटला, जिथे १५४२ मध्ये अकबर जन्मला. स्वगोत्रात लग्न चालत नाही, म्हणून त्यांच्या सोयरिकी अलीकडच्या राजस्थान-कच्छमध्ये होत आल्या. मांगणियार हे मुसलमान गवई पिढ्यान् पिढ्या हिंदू यजमानांच्या घरी जन्माची आणि लग्नाची गाणी गातात, आणि तेही दोन्हीकडे विभागले गेले. त्यांचा कमायचा, सतरा तारांचं, चामड्याने मढवलेलं वाद्य, एकदा जवळून ऐकावा. हमीरा गावचे साकर खाँ यांना या वाद्यासाठी २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. बाडमेरवरून मुनाबावमार्गे सिंधमध्ये जाणारे रूळ १९६५ च्या युद्धात बंद पडले होते. २००६ मध्ये त्यांवर थार एक्स्प्रेस सुरू झाली. माहेरी जाणाऱ्या लेकी, आजारी भावाला भेटायला निघालेले म्हातारे, बहुतेक प्रवासी असेच. ऑगस्ट २०१९ पासून ती गाडी बंद आहे.

प्रवासाचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. रात्री कडाक्याची थंडी पडते, गरम कपडे न्यावेत. मुंबईहून भुजला आणि जोधपूरला थेट गाड्या आहेत. कच्छ आणि थर एका दमात उरकू नयेत, दोन स्वतंत्र प्रवास करावेत. रणात जायला परवाना लागतो, ओळखपत्र जवळ ठेवावं. वाळूच्या टेकड्यांवरच्या तंबूत एक रात्र पुरे. बाकीच्या रात्री गावात काढाव्यात, कारण या मुलखाचं सारं कर्तृत्व गावात आहे, टेकडीवर नाही. आणि शक्य असेल तिथे सरकारी बसने जावं. सरहद्दीकडच्या वाड्या-वस्त्यांवर कोण उतरतं, कोण चढतं, हे खाजगी गाडीच्या काचेतून दिसत नाही.

शेवटी जैसलमेरच्या किल्ल्याबद्दल एक विनंती. हा किल्ला २०१३ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि त्यात आजही माणसं राहतात. तो ठिसूळ मातीच्या आणि खडकाच्या टेकडीवर उभा आहे. घड्याने पाणी वाहून आणायच्या काळात त्या टेकडीला काही धोका नव्हता. राजस्थान कालव्याचं, म्हणजे आताच्या इंदिरा गांधी कालव्याचं, काम १९५८ मध्ये सुरू झालं आणि पुढे पंजाबचं पाणी जैसलमेरपर्यंत आलं. नळ आले, किल्ल्यात हॉटेलं निघाली, शॉवर आणि फ्लशचं पाणी गळक्या गटारांतून टेकडीत मुरू लागलं. पाया भिजला आणि बुरूज ढासळले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने १९९६ मध्येच धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचं नाव घातलं होतं. गटारांची दुरुस्ती झाली आहे, धोका संपलेला नाही. तेव्हा किल्ला मनसोक्त पाहा, तिथल्या दुकानांतून खरेदी करा, घरांच्या ओट्यांवर बसून चहा घ्या, पण मुक्काम खाली गावात करा.